सुईणीचे हात

त्या शहरात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणायचे. कपड्यांना नव्हे, चेहऱ्यांना इस्त्री करणारी. फोटो काढायचा तिचा धाकटा भाऊ, पण फोटोतला माणूस मूळ माणसापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसायचा तो हिच्यामुळे. त्या काळी फोटो काचेवर उमटायचा आणि तोही उलटा, म्हणजे काळं ते पांढरं नि पांढरं ते काळं. ती काच उतरत्या टेबलावर ठेवून, खाली लावलेल्या आरशातून तिच्यावर उजेड घेऊन ही तासन्‌तास बसायची. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने सुरकुत्या भरून काढायची. कपाळावर उडालेले पांढरे केस काचेवर काळ्या रेघांसारखे दिसायचे, ते बारीक सुरीने खरवडून टाकायची. एका वकिलाची बायको आपला फोटो बघून म्हणाली होती, "देवाने घाईघाईत उरकलेलं काम तुम्ही निवांत पुरं केलंत हो!"

भाऊ तिला ताई म्हणायचा. त्याच्यापेक्षा ती नऊ वर्षांनी मोठी. आई त्याच्या जन्माच्याच दिवशी गेली आणि वडिलांनी लवकरच हात टेकले, तेव्हा मामाने दोघांना आपल्या स्टुडिओत आणलं. तिसऱ्या मजल्यावरचा तो स्टुडिओ, उत्तरेकडे उतरतं काचेचं छप्पर, आणि एका भिंतीवर मामाने स्वतः रंगवलेला पडदा: तळं, तळ्यात दोन हंस, त्यातल्या एकाची मान मोडल्यासारखी. शहरातल्या निम्म्या नवरा-बायकोंनी त्या हंसासमोर उभं राहून फोटो काढलेले. मामा गेला तेव्हा ताई काचा सुधारण्यात, म्हणजे रिटचिंगमध्ये, तरबेज झाली होती आणि भाऊ कॅमेऱ्यात.

मग भाऊ दोन वर्षं मोठ्या शहरात शिकायला गेला आणि डोक्यात किडा घेऊन परत आला.

आल्या आल्या त्याने हंसांचा पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि भिंतीला पांढरा चुना फासला. गिऱ्हाईक नसलं की तो कॅमेरा उचलून जिन्यात जायचा, मागच्या गल्लीत जायचा. एकदा त्याने एक फोटो ताईपुढे ठेवला.

"हे काय?" ताईने विचारलं.

"जिना."

"जिना मलाही कळतो. जिन्यावर माणूस कुठाय?"

"माणूस नाहीच. उजेड आहे. हा बघ, वळणावर कसा घडी पडल्यासारखा पडलाय."

"उजेडाचा फोटो कोण भिंतीवर लावणार रे? लोकांना आपलं थोबाड बघायचं असतं."

भाऊ हसला. पुढे त्याने एकावर एक रचलेल्या पातेल्यांचे फोटो काढले, पावसाने भिजलेल्या फरशीचे काढले, सुताराच्या भिंतीवर टांगलेल्या करवतींचे काढले. ताई मनात म्हणायची, लग्नाचं वय उलटत चाललंय, त्याचा हा परिणाम. पण बोलायची नाही. त्याला तिनेच वाढवला होता आणि त्याच्या बाबतीत तिचं काळीज लोण्याचं होतं.

एका सकाळी भाऊ सुईणआजींना हाताला धरून तीन जिने चढवून घेऊन आला.

सुईणआजींना ओळखत नाही असं माणूस त्या शहरात सापडायचं नाही. चाळिशीच्या आतलं निम्मं शहर त्यांच्या हातून जगात आलेलं. आता पंचाहत्तरी ओलांडलेली, बोटं आखडलेली, नजर मंदावलेली. बेकरीच्या मागे एका खोलीत एकट्या राहायच्या. जीभ मात्र जशीच्या तशी होती.

"काय गं, माझा फोटो कशाला काढतोय हा?" खुर्चीत टेकता टेकता त्यांनी ताईला विचारलं. "लग्नबिग्न ठरवलंय की काय माझं?"

भाऊने त्यांना खिडकीशी बसवलं. हात मांडीवर ठेवायला सांगितले. काळ्या कापडात डोकं घालून तो इतका वेळ उभा राहिला, की आजी तिथेच पेंगायला लागल्या. एकच काच घेता आली. दुसरी घालेपर्यंत आजी घोरत होत्या.

काच धुऊन, वाळवून भाऊने दुसऱ्या सकाळी तिची एक छोटी प्रत उन्हात ठेवून काढली, काळ्या कागदात गुंडाळली, खणात टाकली, आणि दगडाच्या खाणीचे फोटो काढायला तीन दिवसांसाठी निघून गेला. काच बाकीच्या काचांबरोबर मांडणीवर राहिली. ताईला काही सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं, आणि विचारायचं ताईला सुचलं नाही.

ती काच हातात आली तेव्हा ताईला वाटलं, इतकी वर्षं जे शिकले ते याच दिवसासाठी. आजींसाठी ती वाटेल ते करायला तयार होती. दोन दिवस तिने मान वर केली नाही. आजींच्या हातांवरचं सुरकुत्यांचं जाळं पेन्सिलीने एकेक टिंब देत भरलं. टम्म फुगलेल्या पेरांवर चमकणारा उजेड सुरीने खरवडला. उजवा अंगठा सांध्यातून बाहेर वळलेला होता, त्याची कड तिने असोशीने घासून घासून सरळ आणली. काम संपलं तेव्हा तिला स्वतःलाच नवल वाटलं. चाळिशीतल्या बाईचे, लोण्यासारखे मऊ हात!

भाऊ परत आला. ताईने मोठ्या हौसेने काच पुढे केली. त्याने ती खिडकीशी धरली, तिरकी करून पाहिली, पुन्हा सरळ धरली.

"हे कोणाचे हात आहेत?" शेवटी त्याने विचारलं.

"कोणाचे म्हणजे? आजींचे!"

"आजींचे नाहीत, ताई."

"अरे, थोडे नीट केलेत इतकंच. म्हातारीला एवढं तरी सुख नको का? पटत नसेल तर पूस. टर्पेंटाइनने पेन्सिल निघते."

"पेन्सिल निघते," भाऊ म्हणाला. "सुरी निघत नाही."

आवाज चढवला असता तर ताईने दोन शब्द ऐकवले असते. पण त्याने काच हळूच खाली ठेवली, बादली घेतली, आणि छपराच्या काचा पुसायला शिडीवर चढला. लहानपणापासून त्याचं असंच होतं. फार दुखलं की काहीतरी पुसत बसायचा.

ताईला रागच आला. चोवीस वर्षं जे काम लोकांनी डोक्यावर घेऊन नाचवलं, ते याला आज गुन्हा वाटायला लागलं! असं काय होतं त्या हातांत? तिने खण उघडला आणि काळ्या कागदातली ती छोटी प्रत बाहेर काढली.

उन्हात काढलेली ती प्रत अजून कच्ची होती, तांबूस रंगाची. पक्की करायची औषधं तिला लागलेली नव्हती. अशी प्रत उजेडात धरली की हळूहळू काळी पडत जाते, हे ताईला ठाऊक होतं. म्हणजे जितका वेळ बघायचं तितकं ते चित्र संपत जाणार. आणि जगात आता हे एवढंच उरलेलं. तिने श्वास घेतला, कागद उलगडला, पाच आकडे मोजले आणि मिटला. मग पुन्हा उलगडला.

ती बघायला लागली. आजवर तिने हजारो चेहरे पाहिले होते, पण काय काढून टाकायचं एवढ्याच नजरेने. आज काढायचं काहीच नव्हतं. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. साबणाने आणि उकळत्या पाण्याने कातडी धुऊन धुऊन कापडासारखी झालेली, तिच्यात उभेआडवे धागे दिसावेत इतकी. डावा तळवा खोलगट, मिटला तरी न मिटणारा, जणू त्यात एक डोकं कायमचं ठेवलेलं. आणि उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला.

तो अंगठा तिने पूर्वी पाहिला होता. नऊ वर्षांची होती. खोलीत येऊ नको म्हणून सांगितलेलं, पण दाराच्या फटीला डोळा लावून ती उभी होती. आई दिसत नव्हती. दिसत होते फक्त दोन हात आणि त्या हातांत एक निळसर गोळा, हलत नाही, रडत नाही. ते हात घाई करत नव्हते. त्यांनी गोळा उलटा धरला, चोळला, थोपटला, पुन्हा चोळला. त्या वाकड्या अंगठ्याने त्याचं तोंड आतून पुसलं. किती वेळ गेला देव जाणे. बाहेर रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, कोणीतरी हसत होतं. आणि मग तो गोळा रडला. तेच हात नंतर पलीकडे गेले आणि त्यांनी आईचे डोळे मिटवले. मग दार उघडलं, आणि आजींनी ते गाठोडं तिच्या ओटीत ठेवलं. "हा आता तुझ्याकडे. मान सांभाळ."

ताईने कागद मिटला. प्रत बरीच काळवंडली होती.

शिडीवरून भाऊ खाली उतरला तेव्हा ताई तिथेच बसलेली होती. तिने त्याला सगळं सांगितलं. तो दिवस असा तिने त्याला कधीच सांगितला नव्हता, आणि त्यानेही कधी विचारला नव्हता. दोघांनाही वाटायचं, दुसऱ्याला लागेल. सांगून झाल्यावर भाऊने बादली बाजूला ठेवली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"किती वेळ रडलो नाही मी?"

"मला तरी वर्षभर वाटलं," ताई म्हणाली. "मी उद्या आजींकडे जाते."

दुसऱ्या दिवशी तिने आजींपुढे गुन्हा कबूल केला. आजी पलंगावर होत्या. तीन जिने चढल्यापासून त्यांचे पाय सुजले होते.

"माझी बोटं सरळ केलीस म्हणतेस?" त्या खो खो हसल्या. "मग देऊन टाक की ती मला! महिना झाला, सुईत दोरा ओवता येत नाहीये."

"आजी, पुन्हा एकदा बसाल?"

"बसायला आता उठता यायला हवं ना बाळ."

मग कॅमेराच आजींकडे आला. बेकरीमागची ती खोली काळोखी होती. एकुलती एक खिडकी अंगणात उघडायची. पण दुपारी बाराच्या सुमाराला समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलं, की त्याचा उजेड उडी मारून आत यायचा आणि पाऊण तास थांबायचा. भाऊने दोन दिवस नुसतं येऊन ते बघून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कॅमेरा लावला. ताई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पांढरी चादर ताणून उभी राहिली, म्हणजे आलेला उजेड पुन्हा आजींच्या हातांवर परतेल.

"चौदा सेकंद लागतील," भाऊ म्हणाला. "आजी, चौदा सेकंद हात हलवायचे नाहीत."

इथेच सगळं अडलं. आजींनी हात उशीवर ठेवले, तर ते थरथरत होते. मांडीवर ठेवले, तरी थरथरत होते. वयाची थरथर ती, कोणाच्या सांगण्याने थांबणार? उजेड भिंतीवरून सरकायला लागला. भाऊने कपाळ पुसलं.

"नाही जमणार रे," आजी हळूच म्हणाल्या. "आता हे माझं ऐकत नाहीत."

ताईच्या तोंडून निघून गेलं, "आजी, मूल धरता तसं धरा."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग पाठ थोडी सरळ केली, कोपर अंगाशी घेतले आणि हात समोर, हवेत उचलले. डावा तळवा खाली, उजवा थोडा वर, अंगठा वळलेला. आधाराला काहीच नाही. आणि ते हात थांबले. दगडात कोरावेत तसे. भाऊने लेन्सचं झाकण काढलं आणि ताई मोजायला लागली. एक, दोन, तीन. आजींचा श्वाससुद्धा दिसत नव्हता. चादर धरलेले ताईचे धडधाकट हात कापत होते आणि ते म्हातारे हात रिकाम्या हवेला असे धरून होते, की आत्ता तिथे काहीतरी जिवंत आहे याबद्दल त्या खोलीत कोणालाही शंका राहिली नाही. अकरा, बारा. तेरा आणि चौदा तिने नुसते ओठांनी मोजले.

झाकण बसलं तसे हात खाली आले आणि पुन्हा थरथरायला लागले. "किती वजनाचं होतं?" भाऊने विचारलं. "चांगलं सहा-सात पौंड," आजी म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

काच धुताना ताई पहिल्यांदाच अंधारखोलीत गेली. आजवर तिच्याकडे काच यायची ती तयार होऊन. लाल दिव्याखाली भाऊ औषधाची थाळी हळूहळू हेलकावत होता. आधी काहीच नव्हतं, नुसती दुधासारखी पाटी. मग मधोमध एक डाग आला, काळा. त्या डागाला कडा आल्या, कडांना पेरं आली. उलटं चित्र वाचायची ताईला जन्माची सवय, त्यामुळे भाऊच्याही आधी तिला दिसलं. काळोखातून दोन हात तिच्या दिशेने वर येत होते. तिने भाऊचा दंड घट्ट धरला. जन्मताना त्याने जे पाहिलं असेल ते हेच, असं तिला वाटलं. सगळ्यांनीच पाहिलंय, आणि आठवत कोणालाच नाही.

"हिला मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "धुळीचा कण असला तरी तू सांगशील तेव्हाच."

भाऊने चार मोठे कागद जोडून त्या काचेचा दाराएवढा फोटो केला आणि शहराच्या वार्षिक चित्रप्रदर्शनाला नेला. प्रदर्शनाची सूत्रं एका नामांकित चित्रकाराच्या हाती होती. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"यंत्राने काढलेलं चित्र आम्ही कलेत धरत नाही. आणि त्यात हे? एका सुईणीचे हात! लोक म्हणतील, समितीने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं."

भाऊ निघालाच होता. पण ताई जागची हलेना. "आत नको तर बाहेर लावा. पण लावा," ती म्हणाली आणि तिथेच बाकावर बसून राहिली. संध्याकाळी चित्रकाराने कंटाळून छत्र्या ठेवायच्या बोळातली भिंत दाखवली.

पहिल्या दिवशी लोकांनी तिथे छत्र्या ठेवल्या, फोटोकडे पाहिलं आणि आत निघून गेले. दोन पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारून हसल्या. दुसऱ्या दिवशी एक दगड फोडणारा आला, पाऊस लागला म्हणून आडोशाला. रेड्यासारखा धिप्पाड. तो फोटोसमोर थबकला, एक पाऊल मागे गेला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"ही तर आजी," तो कोणाला उद्देशून नव्हे असं म्हणाला. "माझी पोरं. तिन्ही. आणि मीसुद्धा."

तो पाऊस थांबल्यावरही गेला नाही. संध्याकाळी बायकोला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी बोळात उभं राहायला जागा नव्हती. माणसं यायची आणि गप्प व्हायची. कोणी आपल्या पोराला उचलून दाखवायचं. एक शिक्षिका तळव्याच्या त्या खोलगट जागेसमोर कितीतरी वेळ उभी होती. मग तिने आपली मान हाताने चाचपून पाहिली. ताई कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती. इतकी वर्षं तिने लोकांना त्यांना हवे तसे चेहरे करून दिले, ते खूश होऊन गेले. पण असे गप्प कधी झाले नव्हते.

चौथ्या दिवशी चित्रकाराची म्हातारी आई काठी टेकत आली. तिने फोटो पाहिला आणि मुलाला आतून बोलावून घेतलं.

"हे हात ओळखलेस?"

"आई, मी कसे ओळखणार?"

"तू पायाळू होतास. दुपारपासून दिवे लागेपर्यंत या बाईने तुला सोडला नाही. जन्मालाच उलटा आलास आणि अजून सरळ व्हायचं नाव नाही! आणि हे छत्र्यांत लावलंस?"

लोक तोंड दाबून हसले. चित्रकार हसला नाही. तो प्रथमच फोटोकडे नीट बघत होता, चित्रकार बघतो तसा, जवळून, मग लांबून, मग पुन्हा जवळून. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने एक टोक धरलं, भाऊने दुसरं, आणि तो फोटो मोठ्या दालनात, समोरच्या भिंतीवर गेला.

सहाव्या दिवशी दगड फोडणारा आणि त्याचे सोबती आजींना खुर्चीसकट उचलून घेऊन आले. गर्दी दोन्ही बाजूंना सरली. आजींना नीट दिसत नव्हतं. ताईने खुर्ची अगदी भिंतीपाशी नेऊन लावली. त्यांनी खालून वर, वरून खाली पाहिलं.

"एवढे मोठे?" त्या म्हणाल्या. "एवढ्या हातांत जुळीसुद्धा हरवतील गं." मग अगदी हळू, फक्त ताईला ऐकू जाईल असं: "मी कधी बघितलेच नव्हते. कामातच असायचे."

आजी त्यानंतर दीड वर्ष होत्या. तो फोटो पुढे दूरदूरच्या शहरांत लागला, त्याच्याबद्दल लिहून आलं, आणि नवी नजर घेऊन आलेल्या चार-दोन लोकांमध्ये भाऊचं नाव घेतलं जाऊ लागलं. चित्रकाराने पुढच्या वर्षीपासून प्रदर्शनात फोटोंसाठी एक दालन वेगळं काढलं. कोणी विचारलंच तर म्हणायचा, आईची आज्ञा.

ताईने रिटचिंग सोडलं नाही. लोकांना अजून तरुण व्हायचंच होतं, आणि ती कोणाला नाही म्हणायची नाही. पण काच हातात घेण्याआधी ती त्या माणसाला समोर बसवायची, चहा द्यायची, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाच-दहा मिनिटं नुसती बघायची. काही जण त्या बघण्याने अवघडून जायचे. काही जण म्हणायचे, "राहू द्या हो, आहे तसंच ठेवा." आणि आठवड्यातून दोन दिवस ती टेबल झाकून ठेवायची आणि भाऊबरोबर बाहेर पडायची. एका उन्हाळ्यात दोघं बंदरावर जात होती. तिथे उतरवून ठेवलेल्या जाडजूड दोरांची वेटोळी होती, समुद्राच्या पाण्याने पांढरी पडलेली. उजेड अजून यायचा होता. दोघं भावंडं एका खोक्यावर शेजारी शेजारी बसून त्याची वाट बघत होती.